पहिला जलप्रवास : पान, पोषाख आणि पेटी

हवापालटासाठीं माथेरान किंवा महाबळेश्वर गांठावें, फार झालें तर काश्मीर पाहून यावें, ही आपल्या घरांतील सुटीची जुनी कल्पना आतां मागें पडत चालली आहे. 2021 सालच्या सप्टेंबरांत 'कॉर्डेलिया' कंपनीची 'एम्प्रेस' ही मोठी प्रवासी बोट मुंबईच्या बंदरांतून गोवा, लक्षद्वीप, कोची या बाजूंना फेऱ्या करूं लागली, आणि केवळ बोटीवर राहण्याच्या हौसेनें बोटीवर जाणें ही गोष्ट पुष्कळ मराठी कुटुंबांच्या आटोक्यांत आली. कोणी सिंगापूरहून निघतात. कोणाचा मुलगा परदेशीं असल्यामुळें भूमध्य समुद्राची सफर घडते. वडिलांचें सहस्रचंद्रदर्शन किंवा आईवडिलांच्या लग्नाचा पन्नासावा वाढदिवस असें निमित्त करून आजीपासून नातवापर्यंत दहा-बारा माणसें एकदम निघाल्याचेंहि आम्ही पाहतों.

अशा प्रवासाची तयारी घरांत कोण करतें, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. तिकिटें काढण्याचें श्रेय पुरुष मंडळींकडे जातें. चिवडा, शंकरपाळे, मेतकूट, सासूबाईंचीं औषधें, मुलांचे मोजे आणि मामंजींचा कानपट्टा हें सर्व गृहिणीकडे. बोटीवर पाऊल ठेवतांना ती इतकी दमलेली असते कीं समुद्र पाहण्याऐवजीं प्रथम झोप घ्यावी असें तिला वाटतें. आणि पुढचे चारपांच दिवसहि 'माझा टॉवेल कोठें आहे?' हा प्रश्न तिचा पाठलाग करीत असतो. चुलीपासून खरी सुटका देणारा जर कोणता प्रवास असेल तर तो हा. तेथें स्वयंपाक नाहीं, अंथरूण घालणें नाहीं, रोज गांठोडीं बांधून गाडी गांठणें नाहीं. असें असतां तिनें घर डोक्यावर घेऊन बोटीवर चढावें, यासारखी दुःखाची गोष्ट नाहीं. म्हणून या वेळीं जेवण, पोषाख आणि सामान यांविषयीं चार गोष्टी सांगतांना तिचें ओझें किती उतरेल हीच दृष्टि आम्ही ठेवणार आहों.

प्रथम पानाचा विचार करूं, कारण आपल्या लोकांची अर्धी काळजी तेथेंच असते. महात्मा गांधी 4 सप्टेंबर 1888 रोजीं मुंबईहून 'क्लाईड' नांवाच्या बोटीनें विलायतेस निघाले, तेव्हां ते अठरा वर्षांचे होते. त्यांनीं आत्मचरित्रांत लिहून ठेवलें आहे कीं, काट्यासुऱ्यांची संवय नाहीं आणि कोणत्या पदार्थांत मांस नाहीं हें वाढप्यास विचारण्याचें धैर्य नाहीं, म्हणून ते मेजावर जेवावयास गेलेच नाहींत. आपल्या खोलींत बसून, मुख्यतः घरून नेलेल्या मिठाईवर आणि फळांवर त्यांनीं दिवस काढले. आज बोटी बदलल्या, काळ बदलला. पण विचारण्याची ही लाज आपल्या घरांतून पुरती गेलेली नाहीं. आमच्या आज्या आणि काकू आजहि मेजावर बसून 'मला भूकच नाहीं' म्हणतात, दहीभाताचे दोन घांस घेतात आणि उठतात. मुलांना वाटतें आईला बोटीचें जेवण रुचलें नाहीं. वस्तुतः तिला विचारावयाचें होतें आणि विचारतां आलें नाहीं.

तेव्हां विचारण्याचें काम घरांतील तरुणांनीं अंगावर घ्यावें, आणि तें तिकीट काढतांनाच करावें. नुसतें 'शाकाहारी' असें लिहून भागत नाहीं. मुंबईहून निघणाऱ्या बोटीवर शाकाहारी पान समजावून सांगावें लागत नाहीं. परंतु पाश्चात्य कंपनीच्या बोटीवर अंडें खाणारा मनुष्यहि शाकाहारीच गणला जातो. तेथें भाजीचें म्हणून दिलेलें सूप कोंबडीच्या रश्शांत शिजवलेलें असूं शकतें, जेलीसारख्या गोड पदार्थांत प्राण्यांच्या हाडाकातड्यांपासून काढलेलें जिलेटिन असतें, थाई पद्धतीच्या कालवणांत माशांचा अर्क घालतात, केकांत बहुधा अंडें असतें, आणि अस्सल इटालियन पार्मिजान चीज वासराच्या पोटांतील रेनेट वापरून करतात. ज्यांना या गोष्टी चालतात त्यांचें कांहीं म्हणणें नाहीं. ज्यांना चालत नाहींत त्यांनीं काय वर्ज्य आहे तें स्पष्ट शब्दांत, इंग्रजींत, कंपनीस आधीं लिहून कळवावें आणि त्याच मजकुराची एक चिठ्ठी जवळ ठेवावी.

एवढें करूनहि पहिल्या रात्रीं भोजनगृहाच्या मुख्य वाढप्यास भेटणें चुकवूं नये. मोठ्या बोटींवर हा गृहस्थ फार उपयोगी असतो. पुष्कळ ठिकाणीं तो उद्यांच्या पदार्थांची यादी आजच रात्रीं दाखवितो, आणि त्यांतील काय आपल्याला बदलून हवें तें लिहून घेतो. मुदपाकखान्यांत हिंदी आचारी असला तर साधें वरण, भात आणि कोरडी भाजी मिळण्यास अडचण पडत नाहीं. फक्त तें आयत्या वेळीं मागूं नये. जगांतील कितीतरी बोटींवर नोकरीस असलेले गोमंतकीय बंधु भेटतात. त्यांच्याशीं कोंकणींत दोन शब्द बोलून पाहावे. आजींच्या ताटांत गरम भात कसा येऊन पडतो तें दिसेल.

संध्याकाळचें जेवण बऱ्याच बोटींवर दोन पंगतींत होतें: पहिली सहाच्या सुमारास, दुसरी आठाच्या पुढें. ज्यांच्या घरीं मधुमेहाचीं औषधें वेळेवर घ्यावयाचीं असतात त्यांनीं पहिलीच पंगत मागावी. दहाबारा माणसांना एकाच मेजावर बसावयाचें असेल तर तेंहि आधींच कळवावें, नाहींतर आजोबा एका टोकाला आणि नातवंडें दुसऱ्या टोकाला. पदार्थ क्रमाक्रमानें येतात. आधीं तोंडीलावणें, मग सूप, मग मुख्य पदार्थ, शेवटीं गोड. सगळे घेतलेच पाहिजेत असें नाहीं, आणि मुख्य पदार्थ न रुचल्यास तोंडीलावण्याचे दोन प्रकार मागवले तरी कोणी नांव ठेवीत नाहीं. काटेचमचे बाहेरच्या बाजूकडून आंत वापरीत जावें. पोळी आली तर ती हातानेंच खावी. काट्यानें पोळी तोडण्याचा आमच्या कांहीं सुशिक्षित मंडळींचा प्रयत्न पाहून वाढप्यांनाच संकोच होतो.

उपवासाचें म्हणाल तर साबुदाणा तेथें मिळेल अशी आशा करूं नये. पण दूध, दहीं, फळें, उकडलेला बटाटा आणि सुका मेवा बहुतेक बोटींवर मिळतो, आणि त्यावर एकादशी उत्तम होते. दिवसां जेथें आपल्या हातानें वाढून घ्यावयाचें असतें तेथें मुलांना आधीं एक फेरी नुसती पाहून येऊं द्यावी, मग ताट हातांत द्यावें, म्हणजे अन्न टाकलें जात नाहीं. तेथें जाण्यापूर्वीं हात साबणपाण्यानेंच धुवावे. दारांत ठेवलेल्या औषधी द्रवाचे दोन थेंब चोळून मोकळें होण्याची हल्ली रीत पडली आहे. परंतु बोटीवर उलट्याजुलाबांची सांथ पसरविणारा नोरोव्हायरस त्या द्रवाला फारसा दाद देत नाहीं. या बाबतींत आमच्या आज्यांचा आग्रहच शास्त्रशुद्ध ठरला आहे.

आतां घरून काय न्यावें? कारखान्यांत मोहोरबंद केलेले कोरडे जिन्नस, जसे राजगिऱ्याचे लाडू, खाकरे, सुंठीच्या वड्या, बहुतेक बोटींवर चालतात. घरीं शिजवलेलें अन्न, फळें आणि तेलानें भरलेल्या लोणच्याच्या बरण्या पुष्कळ ठिकाणीं अडवल्या जातात. शिवाय परक्या बंदरांत उतरतांना फळें आणि दुधाचे पदार्थ जवळ बाळगल्यास दंड होण्याचा संभव असतो. कंपनीचे नियम वाचून मगच तळणी चढवावी. इस्त्री, पाणी तापविण्याची किटली, मेणबत्ती आणि उदबत्ती या वस्तु आगीच्या भयानें बोटीवर चढूंच देत नाहींत, तेव्हां निरांजनाचा आग्रह धरूं नये. देवाची लहानशी तसबीर न्यावी आणि डोळे मिटून हात जोडावे. मानसपूजा सांगितली आहे ती अशाच प्रसंगासाठीं.

पोषाखाविषयीं आमच्या भगिनींच्या मनांत उगाच धास्ती असते. कंपनीच्या पत्रकांत 'औपचारिक संध्याकाळ' असें शब्द दिसले कीं झगे आणि उंच टांचांचे बूट विकत घेण्याची घाई होते. त्याचें कांहीं कारण नाहीं. 1885 सालच्या 10 ऑक्टोबर रोजीं फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयांत काढलेलें एक छायाचित्र प्रसिद्ध आहे, त्यांत डॉ. आनंदीबाई जोशी साडी नेसून, जपानी आणि सीरियन मैत्रिणी आपापल्या देशींच्या वेषांत अशा तिघी बसल्या आहेत. राष्ट्रीय पोषाख हा औपचारिक पोषाखच, हें जुन्या वळणाच्या इंग्रजी कंपन्याहि मानतात. एक पैठणी किंवा रेशमी साडी सर्व समारंभांना पुरते. पुरुषांनीं एक बंदगळ्याचा कोट न्यावा, म्हणजे गळपट्ट्याची कटकट उरत नाहीं. दिवसां कोणी कसेंहि वावरतात, परंतु पोहण्याच्या किंवा अर्ध्या विजारींत रात्रीं मोठ्या भोजनगृहांत जाऊं नये; तेथें दारांतूनच परत पाठवतात आणि मग घरांत वाद होतो.

उलट, ज्या साध्या गोष्टींकडे दुर्लक्ष होतें त्या महत्त्वाच्या आहेत. वरच्या गच्चीवर वारा इतका असतो कीं पदर टांचण्यांनीं बसवला नाहीं तर एक हात त्यांतच गुंततो. आंत कृत्रिम थंडी असते, म्हणून शाल भोजनगृहांत जवळ हवीच. पायांत सपाट, रबरी तळाचीं पायताणें असावीं. लांटांनीं बोट हलूं लागली कीं उंच टांच आणि ओली जमीन यांचा मेळ बसत नाहीं, आणि वडील माणसांच्या बाबतींत एका घसरण्यानें सफर संपते. नऊवारी नेसणाऱ्या आजींसाठीं एक लहान युक्ति सांगतों. बोटीच्या खोलीच्या भिंती बहुधा लोखंडी पत्र्याच्या असतात, त्यांवर लोहचुंबकाचे आंकडे चिकटतात. असे चारसहा आंकडे नेले तर लुगडें, टॉवेल, माळ, चष्म्याची पिशवी सर्व कांहीं हाताशीं राहतें. दागिने घरीं ठेवावे. मंगळसूत्र आणि कुड्या एवढें पुरे.

पेट्यांचा एक नियम पक्का ध्यानांत धरावा. बंदरावर पोंचतांच मोठें सामान चिठ्ठ्या लावून हमालांच्या स्वाधीन करावें लागतें, आणि तें आपल्या खोलीच्या दारांत येईपर्यंत कित्येक तास जातात. म्हणून प्रत्येक माणसाची हातपिशवी वेगळी आणि ती ज्यानें त्यानें सांभाळावी. तींत पारपत्र, तिकीट, औषधें, चष्मा आणि कपड्यांचा एक जोड हवा. औषधें तर सबंध प्रवासाचीं, वर चार दिवसांचीं अधिक, मूळ वेष्टणांत आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. पेटींत एक गोळीहि ठेवूं नये. घरांतील सर्वांचीं कागदपत्रें एकट्या गृहिणीच्या पिशवींत कोंबण्याची जी चाल आहे ती या निमित्तानें मोडावी असें आम्हांला मनापासून वाटतें. बारा वर्षांच्या मुलाला आपला सदरा आणि दांतांचा ब्रश सांभाळतां येत नसेल तर तो त्याला शिकविण्याची हीच वेळ आहे.

बोट लागण्याची भीति अनेकांना असते. कोंकणच्या जुन्या आगबोटींच्या आठवणी सांगून वडील मंडळी ती वाढवितातहि! मोठ्या बोटींना हेलकावे थोपविणारीं यंत्रें असतात, त्यामुळें पूर्वींइतका त्रास होत नाहीं. तरी खोली निवडतांना बोटीच्या मध्यभागीं आणि खालच्या मजल्यावर निवडावी, पोट रिकामें ठेवूं नये, मळमळूं लागल्यास मोकळ्या हवेंत येऊन क्षितिजाकडे पाहावें. डॉक्टरांनीं दिलेली गोळी त्रास सुरू होण्यापूर्वींच घ्यावयाची असते, नंतर घेऊन फारसा उपयोग नाहीं.

राहतां राहिली शेवटची रात्र. या रात्रीं बहुतेक मोठ्या बोटींवर ठरलेल्या वेळेपूर्वीं पेट्या खोलीबाहेर ठेवावयाच्या असतात. त्या रातोरात उचलल्या जातात आणि सकाळीं एकदम धक्क्यावर भेटतात. गांधीजींची येथेंहि फजिती झाली होती. उतरतांना घालण्यासाठीं त्यांनीं पांढरे फ्लॅनेलचे कपडे मुद्दाम राखून ठेवले होते. सप्टेंबर संपत आलेला, तसा वेष दुसऱ्या कोणाचाच नाहीं, आणि बाकीचें सर्व सामान, किल्ल्यांसुद्धां, दलालाच्या ताब्यांत गेलेलें. मध्यें रविवार आल्यामुळें तें लगेच परत मिळण्याचीहि सोय नव्हती. तेव्हां पेटीचें झांकण लावण्यापूर्वीं घरांतील प्रत्येकानें सकाळीं घालावयाचे कपडे, पायांतील जोडे, चष्मा, दांतांची कवळी, सकाळचीं औषधें आणि पारपत्र पलंगावर मांडून दाखवावें. मग पेटी बाहेर ठेवावी. हें पाहण्याचें काम त्या रात्रीं मामंजींनीं करावें. गृहिणीला गच्चीवर जाऊं द्यावें. बंदराचे दिवे दिसूं लागण्यास अजून अवकाश असतो.