हवागळतीची तपासणी इमारत झाकली जाण्यापूर्वीच हवी

यशवंतपूर (बेंगळुरू) : बेंगळुरूच्या वायव्येकडील यशवंतपूर हा भाग बाजार समितीचे घाऊक आवार, रेल्वे स्थानक आणि शेजारच्या पीण्या औद्योगिक वसाहतीमुळे ओळखला जातो. मेट्रो मार्गाच्या दोन्ही बाजूंना आता येथे काचेच्या दर्शनी भागाची कार्यालये आणि उंच निवासी संकुले उभी राहिली आहेत. अशा इमारतींचे काँक्रीट, पोलाद आणि वीजयंत्रणा यांच्या चाचण्या होतात. मात्र बंद खिडक्यांच्या कडांतून, भिंतीतील छिद्रांतून आणि मजल्यांमधील पोकळ्यांतून किती हवा वाहते, हे मोजण्याची पद्धत आपल्याकडे रुळलेली नाही. वीजदेयक आणि रहिवाशांची सुरक्षितता या दोन्हींशी या त्रुटीचा थेट संबंध आहे.

हवागळती मोजण्याचे तंत्र नवे नाही. दरवाजाच्या चौकटीत पंखा घट्ट बसवून आतील आणि बाहेरील हवेच्या दाबात 50 पास्कलचा फरक निर्माण केला जातो. ताशी सुमारे 32 किलोमीटर वेगाने वाहणाऱ्या वाऱ्याचा दाब साधारण इतकाच असतो. तो फरक टिकविण्यासाठी पंख्याला जितकी हवा ढकलावी लागते, तितकी इमारतीची गळती. ‘ब्लोअर डोअर’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या चाचणीच्या वेळी धुराची बारीक रेघ सोडून किंवा उष्णतादर्शक कॅमेरा वापरून गळतीची नेमकी जागाही शोधता येते.

भारतातील गळतीच्या जागा ठरलेल्या आहेत. सरकत्या अॅल्युमिनियम खिडक्यांच्या पट्ट्या, वातानुकूलन यंत्राच्या नळ्यांसाठी भिंतीत पाडलेली छिद्रे, विजेच्या तारांचे उभे मार्ग आणि काचेचा दर्शनी भाग व स्लॅबची कड यांमधील फट ही त्यांतील प्रमुख. गिलावा आणि खोटे छत पूर्ण होईपर्यंत या जागा उघड्या असतात आणि अल्प खर्चात बुजविता येतात. त्यानंतर त्या दृष्टीआड होतात. दुरुस्तीसाठी पूर्ण झालेले काम फोडावे लागते आणि तोवर घराचा ताबा खरेदीदाराकडे गेलेला असतो. त्यामुळे चाचणी कोणत्या टप्प्यावर होते, हा या विषयातील कळीचा मुद्दा आहे.

ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोच्या 2017 च्या ऊर्जा संवर्धन इमारत संहितेत या विषयाची दखल आहे. 100 किलोवॉट किंवा त्याहून अधिक जोडभार असलेल्या व्यावसायिक इमारतींना लागू होणाऱ्या या संहितेने सांधे आणि फटी बुजविण्याची अट घातली. काचेच्या उघडझाप होणाऱ्या प्रवेशद्वारांतून प्रति चौरस मीटर सेकंदाला 5 लिटर आणि इतर खिडक्या-दारांतून 2 लिटर अशी गळतीची कमाल मर्यादाही ठरविली. परंतु ही मर्यादा खिडकी किंवा दार या सुट्या घटकांसाठी आहे. ते बसविल्यानंतर संपूर्ण इमारतीची दाबचाचणी संहितेने अनिवार्य केलेली नाही. प्रयोगशाळेत उत्तीर्ण झालेली खिडकी भिंतीत निष्काळजीपणे बसविली गेली, तर प्रमाणपत्र शाबूत राहते आणि हवा मात्र गळत राहते.

इतर देशांनी ही उणीव टप्प्याटप्प्याने भरून काढली. इंग्लंडमध्ये 2006 च्या नियमांनी नव्या घरांच्या नमुना चाचण्या आवश्यक केल्या. 2022 पासून लागू झालेल्या सुधारणेने प्रत्येक नव्या घराची चाचणी बंधनकारक केली आणि गळतीची मर्यादा ताशी प्रति चौरस मीटर 10 वरून 8 घनमीटरवर आणली. अमेरिकेच्या 2012 च्या आदर्श संहितेने उष्ण प्रदेशांतील घरांना 50 पास्कल दाबाखाली ताशी 5 वेळा, तर अन्य प्रदेशांत 3 वेळा हवा बदलण्याची मुभा दिली.

या मर्यादा बेंगळुरूत जशाच्या तशा लागू करणे योग्य ठरणार नाही. शहराचा समावेश समशीतोष्ण हवामान विभागात होतो आणि येथील अनेक घरे उघड्या खिडक्यांवरच थंड राहतात. पुरेशा ताज्या हवेची सोय न करता घर घट्ट बंद केल्यास आतील दमटपणा आणि दूषित हवा वाढते. म्हणून सक्तीची सुरुवात वातानुकूलित कार्यालये, रुग्णालये आणि व्यापारी संकुलांपासून करणे हा व्यवहार्य मार्ग आहे. तेथे बाहेरची उष्ण, दमट हवा आत शिरली की ती थंड आणि कोरडी करण्यासाठी यंत्रणेला अधिक वीज लागते.

हवेच्या याच वाटांनी आगीच्या वेळी धूरही पसरतो. बेंगळुरूच्या कार्लटन टॉवर्स या इमारतीत 23 फेब्रुवारी 2010 रोजी लागलेल्या आगीत 9 जणांचा मृत्यू झाला. तेथे विजेच्या तारांच्या उभ्या मार्गातून धूर वरच्या मजल्यांवर पोहोचला होता. कोलकात्याच्या एएमआरआय रुग्णालयात 9 डिसेंबर 2011 रोजी तळघरातील आगीचा धूर वर पसरून 90 हून अधिक जणांचा बळी गेला. दाबचाचणी म्हणजे अग्निसुरक्षेची तपासणी नव्हे. तरीही मजल्यांमधील न बुजविलेली पोकळी ती वेळीच उघडकीस आणू शकते.

चाचणीला कायदेशीर चौकटीत स्थान देण्याची संधी आज उपलब्ध आहे. बांधकामाची ठरावीक काळाने पाहणी करून तिची नोंद ठेवावी आणि भोगवटा प्रमाणपत्र पाहूनच वीज व पाण्याची जोडणी द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने 17 डिसेंबर 2024 रोजीच्या निकालात बजावले आहे. ब्यूरोने 2024 मध्ये इमारतींसाठी नवी ऊर्जा संवर्धन व शाश्वतता संहिताही आणली आहे. ती प्रत्यक्षात उतरण्यासाठी राज्यांनी अधिसूचना काढून स्थानिक उपविधींत बदल करणे आवश्यक असते. ते बदल करतानाच खोटे छत बसण्यापूर्वी एक आणि भोगवटा प्रमाणपत्रापूर्वी एक, अशा दोन दाबचाचण्या पाहणीच्या नोंदीत समाविष्ट करता येतील.

त्यासाठी प्रशिक्षित चाचणीकार, उपकरणे आणि बांधकाम व्यावसायिकापासून स्वतंत्र असलेली तपासणी यंत्रणा लागेल. हा खर्च प्रारंभी वाढीव वाटेल. परंतु आज चाचणी टळल्याने वाचणारा पैसा बांधणाऱ्याच्या हिशेबात जमा होतो आणि गळतीचे देयक पुढील अनेक वर्षे तेथे राहणारा भरतो. हा भार कोणी उचलावा, याचा निर्णय राज्यांच्या अधिसूचनांवर अवलंबून आहे.