रोज हिंजवडी गाठायची, तर पेट्रोल की इलेक्ट्रिक?

२२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या पेट्रोल टू-व्हीलरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. इलेक्ट्रिकवर तो आधीपासूनच ५ टक्के होता, तो तसाच राहिला. शिवाय २०२५-२६ साठी केंद्राच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेतलं अनुदान बॅटरीच्या प्रति किलोवॉट-तास ५,००० वरून २,५०० रुपयांवर आलं होतं. थोडक्यात, पेट्रोल गाडी स्वस्त झाली आणि इलेक्ट्रिकची मदत घटली. मग पौड, पिरंगुट, घोटावडे इथून रोज हिंजवडीला जाणाऱ्यांनी काय घ्यावं?

आधी हिशोब

दिवसाला ४० किलोमीटर आणि महिन्याला २५ दिवस धरले, तर १,००० किलोमीटर होतात. ४५ चा अ‍ॅव्हरेज देणाऱ्या स्कूटरला २२ लिटर लागतं. लिटरला १०४ रुपये धरले, तर सुमारे २,३०० रुपये. इलेक्ट्रिक स्कूटर चार्जिंगमधली गळती धरून किलोमीटरला साधारण ३५ वॉट-अवर घेते, म्हणजे महिन्याला ३५ युनिट. घरचा वापर १०० युनिटच्या वर गेला की महावितरणचा दर चढतो, म्हणून १३ रुपये युनिट धरू. तरीही बिल ४५५ रुपयेच. महिन्याला १,८०० हून जास्त वाचतात. ऑन-रोड किमतीत ३० हजारांचा फरक असेल, तर तो दीड वर्षात भरून निघतो.

घाटात दम निघेल का?

ही भीती वाटते तेवढी खरी नाही. गाडी आणि चालवणारा मिळून २०५ किलो धरा. १०० मीटर उंची चढायला ५६ वॉट-अवर लागतात, मोटरमधली गळती धरून ७० च्या आत. म्हणजे सपाट रस्त्यावरचे दोनेक किलोमीटर. उतारावर रिजनरेटिव्ह ब्रेकिंग त्यातलं थोडं परतही देतं. पिरंगुटचा घाट रोजचा असला तरी अडचण नाही. वीकेंडला ताम्हिणी उतरून कोकणात जायचं असेल, तर मात्र परतीचा चढ आणि वाटेतलं चार्जिंग आधी बघून निघा. जाहिरातीतली रेंज चाचणीतली असते, रोजच्या वापरात ती कमीच धरा.

खरा प्रश्न प्लगचा

वर काढलेली बचत घरच्या चार्जिंगवर उभी आहे. गावात स्वतःचं घर असेल, तर ओट्यावरचा १५ अँपिअरचा सॉकेट आणि चांगलं अर्थिंग पुरतं. पण माण-हिंजवडीत भाड्याने किंवा पीजीत राहणाऱ्यांचं काय? पार्किंगमध्ये प्लग नसतो, असला तर बिल कोणी भरायचं यावर वाद. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार घरी आणि ऑफिसात खासगी चार्जिंगला मुभा आहे, पण मालकाने नाही म्हटलं की भाडेकरू भांडणार किती? सबमीटर लावून युनिटप्रमाणे पैसे देतो असं भाडेकरारातच लिहून घेणं हा त्यातला सोपा मार्ग. तोही जमला नाही, तर रोज सार्वजनिक चार्जरवर थांबावं लागेल. तिथला दर जास्त आणि वेळही जातो.

म्हणून शोरूममध्ये जाण्याआधी पार्किंगमध्ये जा. हक्काचा प्लग असेल, तर रोजच्या ४० किलोमीटरला जीएसटी कपातीनंतरही इलेक्ट्रिकच परवडते. प्लग नसेल किंवा वर्षभरात घर बदलायचं असेल, तर सध्या पेट्रोल गाडी घेण्यात काहीच चूक नाही.