अडगळीतली मापे आणि औषधाची मात्रा

खेड्यांतील जुनी घरे पाडली जाऊ लागली की प्रथम बाहेर निघते ती माळ्यावरची अडगळ. पितळेची भांडी किलोच्या भावाने मोडीत जातात, जात्याची तळी अंगणातील पायरीला लागते, उखळ पालथे पडून राहते, आणि शेर, मापटे, चिपटे वितळून त्यांच्या नळाच्या तोट्या होतात. यांतील थोड्या वस्तूंना अलीकडे शहरात भाव आला आहे. उपाहारगृहांत त्या टांगलेल्या दिसतात, आणि खेदाने म्हणावे लागते की आपल्याच काही पंचकर्म केंद्रांच्या स्वागतकक्षातही त्या शोभेला ठेवलेल्या असतात. एका ठिकाणी दगडी खलात कापडी फुले खोवलेली प्रस्तुत लेखकाने पाहिली आहेत.

या वस्तूंविषयी हळहळ व्यक्त करणारे लेखन मराठीत पुष्कळ झाले आहे. त्यात भर घालण्याचा येथे हेतू नाही. मुद्दा निराळा आहे. या अडगळीतील कित्येक वस्तू औषध करण्याची व मोजण्याची साधने होती. ती वापरण्याची रीत ज्यांच्या हातात आहे ती पिढी आज ऐंशीच्या पुढे गेली आहे. या साधनांची मोजमापांसह नोंद करणे हे काम संग्राहकांवर किंवा हौशी इतिहासप्रेमींवर सोडून चालणार नाही. ते वैद्यांचे व औषधनिर्मात्यांचे काम आहे.

सर्वांच्या परिचयाची वस्तू म्हणजे सहाण. बाळगुटी उगाळण्याची घरोघरची पद्धत वेढ्यांवर चालत असे. मुरडशेंगेचा एक वेढा, हिरड्याचे दोन, वेखंडाचा एक, जायफळाचा जेमतेम अर्धा, खारीक-बदामाचे चार-पाच. मूल वाढत जाई तसे वेढेही वाढत, आणि पोट बिघडले की काहींचे कमी व काहींचे अधिक होत. आपल्यापैकी अनेकांनी हे घरी पाहिलेले आहे. परंतु वेढा हे मात्रेचे एकक आहे, असा विचार आपण क्वचितच करतो. एका वेढ्यात किती द्रव्य उतरते हे सहाणेच्या खरखरीतपणावर, हाताच्या दाबावर, वर्तुळाच्या व्यासावर आणि द्रव्याच्या काठिण्यावर अवलंबून असते. तीन पिढ्यांच्या वापराने गुळगुळीत झालेल्या सहाणेवर वेखंडाचा वेढा जेवढे देईल, त्याच्या कितीतरी अधिक बाजारातून काल आणलेली खडबडीत सहाण देते. कोणीही वैद्याने दोन सहाणा शेजारी ठेवून हे करून पाहावे. गंधाच्या दाटपणातच फरक दिसतो. आजीला आपल्या घरची सहाण माहीत होती, आणि म्हणून तिचे 'दोन वेढे' त्या घरापुरते प्रमाणबद्ध होते.

आज सहाण गेली, वेढे गेले, पण गुटी राहिली. ती तयार चूर्णाच्या स्वरूपात मिळते आणि चिमटीने किंवा चमच्याच्या टोकाने दिली जाते. येथे केवळ जुन्याच्या प्रेमाचा प्रश्न उरत नाही. अतिविषाला 'शिशुभैषज्या' म्हटले आहे हे खरे. परंतु त्याच गुटीत जायफळ आहे, ज्याची मात्रा वाढली की मूल सुस्त पडते, आणि वेखंड आहे, जे अधिक झाल्यास वमन करविते. उगाळण्यात एक अंगभूत मर्यादा होती: हात दुखेपर्यंत घासले तरी जायफळ फार उतरत नसे. चिमटीला तशी मर्यादा नाही. पहिले सहा महिने केवळ स्तनपान द्यावे असा सल्ला आज सर्वत्र दिला जातो आणि तो आपणही द्यावा. पण घरोघरी गुटी दिली जाते हे वास्तव कोणी नाकारणार नाही. जे निर्माते हे चूर्ण विकतात त्यांनी पुडक्यावर मात्रा छापताना ती कशावरून ठरविली? वेढ्यांवरून ठरविली असल्यास एक वेढा म्हणजे किती मिलिग्रॅम हे कोणी मोजले? हे प्रश्न विचारण्याचा अधिकार आपल्या संघटनेला निश्चितच आहे.

दुसरी गोष्ट वजनांची. जुन्या वैद्यघराण्यांच्या चोपड्या, त्यांतील काही मोडीत लिहिलेल्या, आता हळूहळू बाहेर येत आहेत आणि त्यांतील पाठांवरून नवी उत्पादने काढण्याचा उत्साहही दिसतो. त्या चोपड्यांत 'तो.' आणि 'मा.' अशी संक्षिप्त रूपे असतात. शार्ङ्गधराच्या मागध मानात सहा गुंजांचा एक माष व सोळा माषांचा एक कर्ष होतो. व्यवहारातील सोनाराच्या काट्यावर मात्र आठ गुंजांचा मासा आणि बारा माशांचा तोळा. गुणाकार करून पाहिल्यास दोन्हीकडे ९६ गुंजाच येतात, म्हणूनच कर्ष म्हणजे तोळा हे समीकरण सर्वांना सोयीचे वाटले. परंतु तोळ्यापर्यंत जुळणारा हा हिशेब माशावर जुळत नाही. रत्ती म्हणजे गुंज १२५ मिलिग्रॅमची धरली तर एक मासा ७५० मिलिग्रॅम होतो आणि दुसरा १००० मिलिग्रॅम. सुंठीच्या बाबतीत हा फरक दुर्लक्षिता येईल, बचनागाच्या बाबतीत नाही. चोपडी लिहिणाऱ्याने कोणता मासा गृहीत धरला हे केवळ कागदावरून ठरत नाही. त्या घरात त्याच्या काट्याची पेटी, गुंजांची डबी किंवा वजनांचा जुडगा शिल्लक असेल तर ठरू शकते. शार्ङ्गधर स्वतः कालिंग मानात माष आठ गुंजांचा सांगतो आणि काही ठिकाणी सातांचा असतो असेही नमूद करतो. म्हणजे प्रदेशागणिक माप बदलते याची त्याला पूर्ण जाणीव होती. इंग्रजी अमदानीत तोळा १८० ग्रेनचा म्हणजे ११.६६ ग्रॅमचा ठरला, तर आपल्या 'आयुर्वेदिक फॉर्म्युलरी ऑफ इंडिया' या शासकीय योगसंग्रहाने तो १२ ग्रॅमचा धरला. हा सोयीचा संकेत आहे आणि तो पाळलाच पाहिजे. पण जुन्या चोपडीतल्या तोळ्याला तो डोळे मिटून लावणे म्हणजे संशोधन नव्हे.

धान्याच्या व द्रवाच्या मापांची कथा याहून गुंतागुंतीची आहे. दोन निळव्यांचे कोळवे, दोन कोळव्यांचे चिपटे, दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली, ही उतरंड घाटावरच्या वृद्धांना आजही तोंडपाठ आहे. मात्र पायली गावोगाव सारखी नव्हती, आणि मापाचा शेर व वजनाचा शेर हे तर मुळातच भिन्न. शिवाय माप सपाट भरायचे की शीग लावून, हा प्रश्न वेगळाच. १९५६ च्या कायद्यानुसार दशमान वजनमापे १९५८ पासून टप्प्याटप्प्याने लागू झाली आणि व्यापारातून ही मापे हद्दपार झाली. व्यापाराच्या दृष्टीने ते आवश्यकच होते. घरात मात्र ती टिकली. नवटाक हा शब्द तेवढा आता गुत्त्यावरच ऐकू येतो. (औषधी आसवे मोजण्यासाठी तो एके काळी वापरला जात असे हे तेथील मंडळींना सांगून उपयोग नाही.)

या मापांकडे पाहताना शार्ङ्गधराने सांगितलेले कुडवपात्र आठवते. माती, लाकूड, वेळू, लोखंड इत्यादींचे, चार अंगुळे रुंद आणि चार अंगुळे उंच असे भांडे म्हणजे कुडव. ग्रंथकाराच्या डोळ्यांसमोर प्रयोगशाळा नव्हती, असेच एखादे घरगुती पात्र होते. विद्यार्थ्यांना मानपरिभाषा शिकविताना आपण कोष्टक पाठ करून घेतो. त्याऐवजी एकदा वेळूचे पेर कापून चार अंगुळांचे पात्र करावयास लावले, त्यात पाणी भरून तोलावयास लावले, तर अंगुळ माणसागणिक बदलते म्हणजे काय होते हे त्यांना तासाभरात कळेल.

इतर वस्तूंचा केवळ उल्लेख करतो. वैदूंची तुंबडी ही सुश्रुताच्या अलाबूचीच वंशज. कानकोरणे, दातकोरणे आणि काटा काढण्याचा चिमटा एकाच कडीत ओवलेला जुडगा जुन्या बायकांच्या चंचीत असे. त्यातला चिमटा संदंश यंत्राशी ताडून पाहण्यासारखा आहे. बाळाला औषध पाजण्याचे चोचीचे बोंडले तर आता चांदीच्या भेटवस्तूंच्या दुकानातच दिसते. काशाच्या वाटीचे मात्र भाग्य उजळले असून तिची विजेवर फिरणारी आवृत्ती गल्लोगल्ली आली आहे. त्याबद्दल एवढेच म्हणावेसे वाटते की तळपायाला येणारा काळेपणा हा तेल-तूप, घाम आणि धातू यांच्या संयोगाने येतो. तो 'बाहेर पडलेली उष्णता' म्हणून रुग्णाला दाखविणे वैद्याला शोभत नाही. पादाभ्यंगाचे गुण ग्रंथांत पुरेसे सांगितले आहेत, त्यांना अशा जाहिरातीची गरज नाही.

काही मित्र म्हणतील, डिजिटल काटा आणि कॅप्सूल भरणारे यंत्र हाताशी असताना ही उठाठेव कशाला? औषधनिर्मितीसाठी शेड्यूल टी २००० साली आले आणि ते आले ते योग्यच झाले. पाट्यावर वाटलेल्या गोळ्या कोणी विकाव्यात असे माझे मुळीच म्हणणे नाही. उलट, आधुनिक काटा आपल्याजवळ आहे म्हणूनच हे काम आता नेमकेपणाने करता येते. पन्नास वर्षांपूर्वी खेड्यातल्या वैद्याला एका वेढ्याचे मिलिग्रॅम मोजणे शक्य नव्हते. आज औषधनिर्माणशाळेच्या प्रयोगशाळेत ते अर्ध्या दिवसात होते. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अडकित्ते, दिवे, वज्री, स्वयंपाकाची भांडी यांचा केवढा तरी ठेवा जतन झाला आहे आणि त्याबद्दल महाराष्ट्र त्या संग्राहकाचा ऋणी आहे. परंतु काचेमागची वस्तू तिचा आकार सांगते, तिने किती औषध दिले जाई हे सांगत नाही. ते सांगणारी आजी संग्रहालयात ठेवता येत नाही.

म्हणून जिल्हा शाखांना सुचवावेसे वाटते की प्रत्येक सभासदाने आपल्या भागातील चार-पाच घरे निवडावीत. वस्तू मागून आणू नये; ती त्या घरातच राहू द्यावी. वस्तूचे त्या घरातील नाव लिहावे, कारण एकाच भांड्याला दोन गावांत दोन नावे असतात. माप पाण्याने भरून तोलावे, मग ज्वारीने सपाट भरून, मग शीग लावून. सहाण असेल तर घरातील ज्येष्ठ स्त्रीकडूनच दहा वेढे घालवून घ्यावेत, उतरलेले गंध पूर्ण वाळवून तोलावे आणि दहाने भागावे. सहाणेला टाकी लावली असल्यास कधी लावली तेही विचारावे. औषधनिर्मात्या सभासदांनी या कामासाठी आपले सूक्ष्म काटे उपलब्ध करून द्यावेत. जमलेल्या नोंदी या त्रैमासिकातून कोष्टकरूपाने द्याव्यात आणि वस्तू कोणी स्वखुशीने दिलीच तर ती जवळच्या महाविद्यालयाच्या रसशास्त्र किंवा द्रव्यगुण विभागाच्या संग्रहालयात नोंदीसह जावी. दिवाळीपूर्वीच्या साफसफाईत सर्वांत जास्त पितळ मोडीत निघते. सुरुवात त्याच्या आधी व्हावी.