रुंदकोनी भिंग आणि घाटाची वाट

मे महिन्याची सुटी जवळ येऊं लागली म्हणजे मोटारीनें प्रवासास निघण्याचे बेत घरोघर सुरू होतात, आणि त्यांबरोबरच एक मागणीही वडिलांच्या कानांवर येते. "वाइड-अँगल भिंगावांचून डोंगराचें चित्र चांगलें यावयाचें नाहीं," असें मुलें म्हणतात. चांगल्या भिंगाची किंमत कधीं कधीं खुद्द कॅमेऱ्याएवढी असते. तेव्हां या मागणींत तथ्य किती, याचा विचार तें विकत घेण्यापूर्वींच झालेला बरा. आमच्या मतें ती एका गैरसमजावर उभी आहे.

तो गैरसमज असा कीं, जितकें अधिक दृश्य चित्रांत सांपडेल तितकें तें भव्य दिसेल. वस्तुस्थिति याच्या उलट आहे. ३६ × २४ मिलिमीटर चौकटीच्या कॅमेऱ्यावर ५० मि. मी. नाभीय अंतराचें भिंग आडव्या दिशेनें सुमारें ४० अंशांचा कोन पाहतें, ३५ मि. मी. चें ५४ अंश, आणि २४ मि. मी. चें सुमारें ७४ अंश. परंतु चौकट तेवढीच राहते! तींत अधिक दृश्य बसवावयाचें म्हणजे प्रत्येक वस्तु लहान होणारच. वाईहून पांचगणीस जातांना पसरणीच्या घाटांत उभें राहिलें असतां खालीं कृष्णेचें खोरें आणि पलीकडे डोंगरांची रांग दिसते. ५० मि. मी. च्या भिंगानें त्या रांगेची जी उंची चित्रांत येते, तिच्या निम्म्याहूनही कमी उंची २४ मि. मी. च्या भिंगानें येते. उरलेली जागा कशानें भरते? वर रितें आभाळ आणि खालीं डांबरी रस्ता व त्याचा कठडा. घरीं आल्यावर मुलगा हळहळतो, "प्रत्यक्षांत डोंगर केवढा होता!" डोंगर होताच तेवढा, त्याला ठेंगणा केला तो भिंगानें.

मग हें भिंग निरुपयोगी काय? मुळींच नाहीं. मागें सरावयास जागा नसेल, किंवा जवळची वस्तु आणि तिच्या भोंवतालचें स्थळ हीं दोन्हीं एकत्र दाखवावयाचीं असतील, तेथें त्याच्यासारखें दुसरें साधन नाहीं. वाईजवळच मेणवली येथें, नाना फडणिसांच्या वाड्यामागें कृष्णेच्या घाटावर, एक मोठी पोर्तुगीज घंटा टांगलेली आहे. १७३९ सालीं वसई जिंकल्यानंतर मराठ्यांनीं आणलेल्या घंटांपैकीं ती एक. तिच्यापासून दोन हातांवर उभें राहून रुंदकोनी भिंगानें चित्र घ्यावें. घंटा भव्य दिसेल, आणि भोंवतालचें स्थळही चित्रांत येईल. सारांश, ज्याला जवळ जावयाचें आहे त्याचें हें भिंग. गाडीच्या खिडकींतून दूरचा डोंगर टिपणाऱ्याचें नव्हे. शिवाय आजच्या पुष्कळ मोबाईलांचें मुख्य भिंग २४ ते २६ मि. मी. च्या तोडीचें असतें. म्हणजे मुलें जें मागतात तें बहुधा घरांतील कोणाच्या तरी खिशांत आधींच असतें!

रॉबर्ट फ्रँक या स्विस छायाचित्रकारानें १९५५ व १९५६ या सालीं मोटारीनें अमेरिका पालथी घातली. त्यानें सुमारें २७,००० चित्रें घेतलीं, आणि त्यांतून आपल्या 'दि अमेरिकन्स' या पुस्तकांत अवघीं ८३ ठेविलीं. त्याच्याजवळ होता तो हातांत मावणारा लहानसा कॅमेरा. वाटेंत थांबणें, उतरणें, माणसांजवळ जाणें आणि मागाहून निष्ठुरपणें निवड करणें, हें त्याचें खरें भांडवल. म्हणून आमची सूचना अशी कीं, मुलांनीं वडिलांपाशीं भिंग मागण्याऐवजीं गाडी थांबविण्याची मागणी करावी, आणि पांचगणीस पोहोंचण्याची घाई असतांही वडिलांनीं ती मान्य करावी. मात्र वळणावर थांबूं नये; आणि डोळा कॅमेऱ्याला लावून कड्याकडे पाठमोरें सरणें तर अगदींच वर्ज्य समजावें.

इतकें सांगूनही ज्यांच्या घरीं भिंग आलेंच असेल, त्यांनीं कुटुंबाचें चित्र घेतांना एवढें पाहावें: या भिंगांत कडेच्या माणसांचे चेहरे ताणल्यासारखे रुंद दिसतात. आजीस मधें बसवावें. कडेला धाकट्या भावंडांनीं उभें राहावें. आपला चेहरा पाहून त्यांना हसूंच येईल.