डिलन चालतो, मग वामनदादा का नाही?

बॉब डिलनचा 'रफ अँड राऊडी वेज' हा अल्बम २०२० साली आला, तेव्हा तो ७९ वर्षांचा होता. आवाज घोगरा, खरखरीत. गातोय की बोलतोय तेच कळत नाही. पण गाण्यांना जुन्या ब्लूजचा दणकट पाया. 'गुडबाय जिमी रीड' हा तर एका जुन्या ब्लूज गायकाला केलेला सलामच! शेवटचं गाणं १९६३ मधल्या केनेडींच्या खुनावर, जवळजवळ १७ मिनिटांचं. आमच्या हॉस्टेलमध्ये डिलनचे बरेच भक्त आहेत, मीही त्यातलाच. कुणी म्हणालं, "काय बे हा आवाज!" की आमचं उत्तर तयार असतं, "शब्द ऐक ना यार! साहित्याचं नोबेल मिळालंय त्याला."

आता गंमत बघा. १४ एप्रिलला इंदोऱ्याकडून भीमगीतं ऐकू आली की यातलेच काही रसिक खटाखट खिडक्या लावतात. तिथे शब्द कुणालाच ऐकायचे नसतात.

ते शब्द पुष्कळदा वामनदादा कर्डकांचे असतात. जन्म १९२२, सिन्नर तालुक्यातलं देशवंडी. शाळा नशिबात नव्हती, अक्षरओळख मोठेपणी झाली. १९४३ पासून २००४ मध्ये जाईपर्यंत हजारो गाणी लिहिली, गावोगाव स्वतः गायली. स्वतः लिहून स्वतः गाणाऱ्याला इंग्रजीत सिंगर-साँगरायटर म्हणतात आणि त्याचे पोस्टर रूमवर लावतात!

ब्लूज हे अमेरिकेच्या दक्षिणेत कापसाच्या शेतात राबणाऱ्या काळ्या लोकांचं गाणं. एक ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची, तिसरीत उत्तर द्यायचं. आपल्याकडे शाहीर ओळ टाकतो, कोरस ती उचलतो. फरक इतकाच, की ब्लूजवाला बहुधा एकट्याचं दुःख गातो. वामनदादा अख्ख्या वस्तीला उठून उभं राहायला सांगतात.

डीजेने कानठळ्या बसतात हे मान्य. पण त्या गणपतीतही बसतातच की! डीजेचा राग गाण्यावर कशाला?

खरी गोष्ट वेगळीच आहे. रूममध्ये डिलन लावला तर लोकांना तुमची आवड कळते. वामनदादा लावले तर लोक तुमची जात काढतात. म्हणून हॉस्टेलमधली काही मुलं ही गाणी फक्त हेडफोनवर ऐकतात. इंजिनिअर होणाऱ्यांच्या हॉस्टेलला हे शोभतं का?

मी कॉन्व्हेंटचा. डिलनसाठी मला डिक्शनरी लागत नाही, वामनदादांचे काही शब्द मात्र मित्रांना विचारावे लागतात. विचारतो. त्यात लाज कसली?

यंदाच्या गॅदरिंगच्या बँड नाइटमध्ये वामनदादांचं एक तरी गाणं व्हावं. गिटारवर, ड्रम्सवर, कसंही. आणि ते वाजवायला आपण सगळ्यांनी उभं राहावं, म्हणजे कोण कुठला हे शोधायचा प्रश्नच उरणार नाही.