रक्त म्हणजे तांबडा रस्सा नव्हे!

मंडळी, आज जरा रागावूनच लिहितोय.

माझी धाकटी बहीण गंगावेशीत राहते. हृदयाचे ठोके अनियमित पडतात म्हणून तिला रोज असेनोकुमारॉलची गोळी होती. दिवाळीत पाहुणे जमले आणि कुणीतरी म्हणालं, "अक्का, रक्त पातळ करायची गोळी खाताय, म्हणूनच एवढा अशक्तपणा. बंद करा!" तिने केली. सतराव्या दिवशी मेंदूत गुठळी अडकली. उजवा हात लुळा पडला, वाचा गेली. आता फक्त 'दादा' म्हणता येतं.

बोलणाऱ्यापेक्षा माझा राग त्या शब्दावर आहे. आयुष्यभर मराठी शिकवलं, पण एका चुकीच्या शब्दाने घरातलं माणूस आडवं होईल असं वाटलं नव्हतं. 'पातळ' म्हटलं की पाणी घातलेलं दूध आठवतं, नाहीतर फसलेला रस्सा. या गोळीने रक्तात पाणी वाढत नाही. आपलं यकृत 'के' जीवनसत्त्वाच्या मदतीने रक्त गोठवणारे काही घटक तयार करतं. गोळी त्या कामात खोडा घालते, म्हणून रक्त गोठायला वेळ लागतो. इतकंच! आयएनआर तपासणीत ते कळतं. निरोगी माणसाचा आकडा साधारण १ असतो, अशा रुग्णाचा बहुधा २ ते ३ मध्ये ठेवतात.

"हे तर उंदराचं विष," असंही ऐकवतात. खरं आहे. हिचंच भावंड वॉरफरिन १९४८ मध्ये उंदरांसाठी बाजारात आलं आणि १९५४ मध्ये माणसांसाठी मान्य झालं. पण फरक मात्रेचा असतो, बाबांनो!

रक्तस्रावाची भीती खोटी नाही. काळी शौच झाली, डोक्याला मार लागला, तर तडक दवाखाना गाठावा. अशक्तपणा असेल तर हिमोग्लोबिन तपासावं. गुडघेदुखीची गोळी मनाने घेऊ नये. मेथी-पालक सोडायची गरज नाही, फक्त प्रमाण एकदम बदलू नये. एपिक्साबॅनसारख्या नव्या गोळ्यांना पालेभाजीचं पथ्य नाही, पण धातूची झडप बसवलेल्यांना त्या चालत नाहीत. हे सगळं ठरवायचं डॉक्टरांनी, फराळाच्या ताटावर नव्हे.

म्हणून माझं म्हणणं, 'गुठळी रोखणारी गोळी' म्हणा. गोळी बंद केली तर काय होईल, ते त्या नावातच आहे.

नातेवाईकांनो, कोण बोललं ते मी विचारणार नाही. पण पुन्हा कुणाची गोळी बंद करावीशी वाटली, तर आधी अक्काशी पाच मिनिटं बोलून या.

असो.