मागचं इंजिन

मुलांनो, कर्जत स्टेशनात गरम वडा खाताना गाडीच्या शेपटाकडे कधी पाहिलंय? बोरघाट चढण्यासाठी पुण्याकडे जाणाऱ्या बहुतेक गाड्यांना इथं मागून जादा इंजिनं लावतात. रेल्वेवाले त्यांना ‘बँकर’ म्हणतात. ती लोणावळ्यापर्यंत गाडी ढकलतात आणि सुटी होतात. पुण्याला उतरणाऱ्याला त्यांची आठवणही नसते.

याच लोहमार्गावर पुण्याच्या पुढं केडगाव लागतं. तिथलं मुक्ती मिशन पंडिता रमाबाईंचं. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी वीस वर्षांच्या रमाबाईंना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. केवढा मान! पण त्यांना संस्कृत शिकवणारी आई लक्ष्मीबाई आणि बायकोला शिकवलं म्हणून लोकांचा रोष पत्करणारे वडील अनंतशास्त्री, दोघंही १८७४ सालीच दुष्काळात गेले होते. आता थँक्यू म्हणायचं तरी कुणाला?

रमाबाई विसरल्या नाहीत. १८८२ साली हंटर कमिशनपुढे साक्ष देताना त्यांनी आधी वडिलांबद्दल सांगितलं. १८८३ मध्ये त्या ख्रिस्ती झाल्या. पुढं १९०७ साली आपल्या श्रद्धेची कहाणी लिहिली, तर तिच्यातही आईनं दिलेले धडे आहेतच. (धर्म बदलला म्हणून आईचं ऋण थोडंच फिटतं?)

लूकच्या शुभवर्तमानात येशू दहा कुष्ठरोग्यांना बरं करतो. आभार मानायला परत येतो एकटाच. उरलेले नऊ वाईट नसतील हो, घरी जायची घाई झाली असेल. निकालाच्या दिवशी आपणही असेच धावतो ना?

यंदा पहिला पेढा कुणाला? नाव आत्ताच ठरवा आणि मला पत्रानं कळवा.